लाडोबाची दिवाळी: कुत्र्यासाठी खाऊ, खेळणी, फटाके आणि कोकणची सहल

चकलीचा घाणा तेलात पडला की कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. त्याला भूक लागलेली असतेच असं नाही. वास येतोय, घरात गडबड आहे आणि जो तो काहीतरी तोंडात टाकतोय, एवढं कारण त्याला पुरतं. ‘बिचारा बघतोय’ म्हणून एक तुकडा आजी देते, एक मुलं देतात, एक आलेला पाहुणा देतो आणि भाऊबीज होते न होते तोच डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. घरात पहिल्यांदाच कुत्रा आलाय आणि दिवाळी तोंडावर आहे, अशांसाठी ही तयारी. क्रम तारखांच्या हिशेबाने लावला आहे, कारण यातली काही कामं दसऱ्यानंतर सुरू केली तर फारसा उपयोग होत नाही.

गणपती गेले की: आवाजाची सवय

अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन यांत साधारण साडेसहा आठवडे मिळतात. फटाक्यांच्या आवाजाची सवय लावायला तेवढे लागतातच. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंतचं. त्यामुळे आपल्या कानांना नुसता ‘सूं’ वाटणारा रॉकेट त्याला फार कर्कश लागतो.

फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या आणि स्पीकर शेजारच्या खोलीत ठेवा. आवाज इतका कमी हवा की कुत्र्याचा कान फक्त तिकडे वळेल आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागेल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. प्रत्येक धमाक्यानंतर लगेच एक छोटा खाऊ. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम कधीही उलटा करू नका. खाऊ आधी दिलात तर ‘खाऊ आला म्हणजे आता धडाम होणार’ असं तो शिकतो आणि खाऊलाच घाबरायला लागतो. सलग दोन-तीन दिवस तो निवांत राहिला की आवाज एक घर वाढवा.

उकाडा नसताना धापा टाकणं, सारखे ओठ चाटणं, जांभया देणं, शेपूट पोटाखाली घेणं आणि आवडीचा खाऊ नाकारणं, ही भीतीची लक्षणं. शेवटचं लक्षण सगळ्यात भरवशाचं. ते दिसलं की दोन घरं मागे या. मोबाइलच्या स्पीकरमधून सुतळी बॉम्बचा खालचा दणका आणि जमिनीची थरथर येत नाही, म्हणून जमल्यास बेस असलेला स्पीकर वापरा. तरीही खऱ्या रात्री थोडी भीती उरणार, हे धरून चाला. जो कुत्रा आधीपासूनच दारं ओरबाडतो, कपाटामागे घुसतो किंवा लघवी करतो, त्याच्यावर हा प्रयोग स्वतःच्या जोरावर करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

तीन आठवडे आधी: डॉक्टरांची भेट

या एका भेटीत चार गोष्टी उरकून घ्या. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशींच्या तारखा तपासा. गोचिडांचं औषध ठरवा. प्रवासाला निघणार असाल तर प्रमाणपत्राचं विचारून ठेवा. चौथी गोष्ट फटाक्यांसाठीच्या औषधाची. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं डॉक्टर कुत्र्याचं वजन, वय आणि हृदय पाहून देतात. पहिला डोस लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न देता आधीच्या एखाद्या शांत दिवशी देऊन पाहा. काही कुत्री त्याने उलट बेचैन होतात आणि ते आधी कळलेलं बरं. केवळ गुंगी आणणाऱ्या एसप्रोमॅझिनवर विसंबू नये. त्याने कुत्रा पडून राहतो, भीती मात्र तशीच राहते. त्याला फक्त हलता येत नाही. घरातली माणसांची कुठलीही गोळी, अगदी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसुद्धा, देऊ नका.

खाऊचं गणित

दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. १० किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ ६० कॅलरींचा. घरातच वावरणाऱ्या ३० किलोच्या लॅब्रेडॉरला १२०० ते १४०० लागतात, म्हणजे खाऊ १२० ते १४० कॅलरींचा. आता तुलना करा: तूप सुटेल असा बांधलेला एक बेसनाचा लाडू दीडशे ते दोनशे कॅलरींचा असतो. लहान कुत्र्याचा तीन दिवसांचा खाऊ एका घासात संपला. उलट ३० ग्रॅम उकडलेलं चिकन साधारण ५० कॅलरी, एक उकडलेलं अंडं ७० ते ७५, आणि १०० ग्रॅम गाजर फक्त ४०.

कुत्रा खाऊचं वजन करत नाही, तो किती वेळा मिळाला हे मोजतो. म्हणून लाड करायचेच तर तुकडा हरभऱ्याएवढा करा आणि वीस वेळा द्या. मोठा तुकडा तो न चावता गिळतो आणि लगेच पुढच्याची वाट बघतो. जेवढा खाऊ दिला तेवढं रात्रीचं जेवण कमी करा. हे विसरलं की महिन्याभरात वजन वाढलेलं दिसतं. बरगड्यांवर हलका हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाऊ आधीच जास्त झालाय.

घरचा खाऊ: दोन प्रकार

*नाचणी-भोपळ्याची बिस्किटं.* नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडं, एक चमचा तेल. मीठ, साखर, गूळ, बेकिंग पावडर काहीही नाही. भोपळा उकडल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, नाहीतर पीठ सैल होऊन अंदाज चुकतो. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. नाचणी सावकाश पाणी पिते. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून दीड सेंटिमीटरचे चौकोन कापा. साधारण अडीचशे तुकडे होतात, प्रत्येकी तीन-एक कॅलरींचे. ओव्हन १६० अंशांवर तापवून २५ ते ३० मिनिटं भाजा, मग बंद करून तुकडे अर्धा तास आतच राहू द्या. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड आणि ताटली ठेवा आणि झाकण घालून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा.

नुसत्या नाचणीत चिकटपणा नसतो, म्हणून कणीक आणि अंडं. गहू सोसत नसलेल्या कुत्र्यासाठी कणकेऐवजी तांदळाचं पीठ चालेल, फक्त लाटण्याऐवजी हाताने थापावं लागेल. नेहमीची चूक म्हणजे बाहेरून खुटखुटीत दिसणारी बिस्किटं आतून ओली राहणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना बुरशी धरते. एक तुकडा मोडून बघा: कडकन मोडला पाहिजे, वाकला तर परत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. दहा दिवस टिकतात, उरलेली फ्रीझरमध्ये.

*चिकनच्या पट्ट्या.* बिनहाडाचं छातीचं मांस अर्धवट गोठवा, म्हणजे सुरी सरळ चालते. चार-पाच मिलिमीटरच्या पट्ट्या काढा. मांसाच्या धाग्यांच्या दिशेने कापल्या तर चिवट होतात, तरुण कुत्र्याला चघळायला बऱ्या. धाग्यांना आडव्या कापल्या तर खुसखुशीत होऊन सहज तुटतात. पिल्लं आणि म्हातारी कुत्री यांच्यासाठी त्या घ्या. आधी पाच मिनिटं पाण्यात उकळा, आत गुलाबी रंग राहता कामा नये. मग ओव्हनमध्ये ९० ते १०० अंशांवर, दार किंचित किलकिलं ठेवून, दोन ते अडीच तास वाळवा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर वाळवायचा मोह आवरा. माश्या तर बसतातच, शिवाय मांस तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं.

एवढा खटाटोप नको असेल तर उकडलेलं रताळं, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, बिनसाखरेचं दही हेही खाऊच आहेत. पूजेतल्या साळीच्या लाह्या, टरफलं निवडून, त्याला खुशाल द्या. बत्तासे नकोत.

फराळाच्या ताटातलं काय नको

सोपं उत्तर: जवळजवळ सगळंच. पण कारण माहीत असलं की आजीला समजावणं सोपं जातं. रव्याच्या लाडवातल्या आणि चिवड्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती मनुका बाधतील याचा नेम नाही. म्हणून दोन-चार मनुकांसाठीसुद्धा फोन करावा. कांदा-लसूण, तळलेला असो वा वाळवलेला, तांबड्या रक्तपेशी फोडतो. करंजीच्या सारणातलं जायफळ मेंदूवर परिणाम करतं. ‘शुगर फ्री’ मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असेल तर अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. भेट आलेल्या चॉकलेटच्या डब्यात मोजायचं थिओब्रोमाइन, म्हणजे चॉकलेटमधलं कुत्र्याला बाधणारं द्रव्य: दूध-चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, गडद चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून बरंच जास्त. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-बेचैनी सुरू होते, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला गडद चॉकलेटचे चाळीसेक ग्रॅम पुरतात.

तूप-तेलाचा त्रास उशिरा दिसतो. स्वादुपिंडाला सूज आली की एक-दोन दिवसांनी उलट्या, जेवण बंद, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवण्याची विचित्र बसणी. फराळ आठवा आणि डॉक्टरांना तो सांगा, लपवू नका.

काही खाल्लंच तर पाकीट किंवा उरलेला तुकडा हातात ठेवून लगेच फोन करा. पहिल्या दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच कुत्री दगावतात.

साफसफाईच्या दिवसांत कपाटातून पडलेल्या डांबराच्या गोळ्या, देवघरातला कापूर, तुपात भिजलेली वात, या न खाण्याच्या वस्तूंवरही डोळा ठेवा. वात त्याला तुपाच्या वासाने खावीशी वाटते आणि कापूस आतड्यात अडकतो. पणत्या जमिनीवर न ठेवता कठड्यावर ठेवा; शेपटीच्या उंचीचा विचार करून.

खेळणी

एक नियम दातांसाठी: खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबा. नख किंचितही रुतलं नाही तर ते दातांसाठी फार कठीण आहे. शिंगं, मोठी हाडं आणि कडक नायलॉन चावून वरची मोठी दाढ उभी चिरते, आणि मग ती भूल देऊन काढावी लागते. नारळाची करवंटी याच यादीत. दुसरा नियम घशासाठी: खेळणं त्याच्या दाढांमागे जाऊ शकेल इतकं लहान नको. लॅब्रेडॉर टेनिसचा चेंडू दाबून सहज घशापर्यंत नेतो, शिवाय त्याची लव वाळू धरून दात झिजवते. त्याच्यासाठी मोठा, भोक असलेला रबरी चेंडू घ्या.

सगळ्यात उपयोगी खेळणं म्हणजे आत खाऊ भरायचं पोकळ रबर. कॉंग नावाचं यातलं प्रसिद्ध खेळणं एका जर्मन शेफर्डने गाडीच्या सस्पेन्शनचा रबरी भाग चावायला घेतल्यावरून सुचलं. भरायची पद्धत अशी: तळाशी चार-पाच सुटी बिस्किटं, मध्ये दहीभात किंवा भोपळ्याचा लगदा, तोंडाशी चिकनची पट्टी अर्धी बाहेर ठेवून. पहिल्या दिवशी गोठवू नका आणि ठासून भरू नका. नवखा कुत्रा पाच मिनिटांत काही निघालं नाही तर खेळणं सोडून देतो, आणि मालक म्हणतात ‘याला आवडत नाही’. तीन-चार वेळा सहज रिकामं करू द्या, मग घट्ट भरा, मग चार ते सहा तास फ्रीझरमध्ये. असं गोठलेलं खेळणं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचं मोठं हत्यार आहे. यातला मजकूरही खाऊच्या हिशेबात धरायचा, बरं का.

घरातलं अप्पेपात्र बिनखर्चाचं कोडं होतं. गार पात्राच्या चार खळग्यांत खाऊ, आणि सगळ्या खळग्यांवर चेंडू. चेंडू खळग्यापेक्षा मोठे आणि कुत्र्याच्या तोंडात न मावणारे हवेत. संपलं की पात्र उचलून ठेवा, नाहीतर तो तेच चावतो.

ओढाओढीसाठी जुन्या टी-शर्टची वेणी करा. पाच सेंटिमीटर रुंद, साठ सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या, घट्ट वेणी, दोन्ही टोकांना गाठ. टी-शर्टच घ्या, जुनी साडी किंवा पंचा नको. होजिअरीचं कापड फाटलं तरी लांब धागे सुटत नाहीत. साडी-पंच्यासारख्या मागावर विणलेल्या कापडाचे सुटतात, आणि गिळलेला लांब धागा आतडं चुण्या पाडून कापतो. बाजारातल्या दोरीच्या खेळण्याचाही हाच धोका, म्हणून ते खेळून झाल्यावर उचलायचं. जुने मोजे मात्र देऊ नका. जुना मोजा आणि नवा मोजा यांतला फरक त्याला कळत नाही.

एका वेळी तीन-चार खेळणीच बाहेर ठेवा, बाकी कपाटात. तीन-चार दिवसांनी बदला.

प्रत्यक्ष चार दिवस

महाराष्ट्रात फटाक्यांची पहिली फैर नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानानंतर झडते. म्हणून त्या दिवशी पहाटेचं फिरणं रद्द. उजाडून शांत झालं की न्या. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशात दिवाळीत फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० ठरवली होती, पण गल्लीत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी ५ च्या आत फिरणं आणि ६ च्या आत जेवण उरका. बाहेर असताना कॉलर आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्हींना दोरी लावा; घाबरलेला कुत्रा मान आखडून कॉलरमधून सहज सुटतो. कॉलरला फोन नंबरचा बिल्ला हवाच.

लपायची जागा घराच्या आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची निवडा. त्याचं अंथरूण, तुमचा न धुतलेला कपडा, पंखा किंवा टीव्हीचा एकसुरी आवाज, जाड पडदे. दार बंद करून कोंडू नका. तो पलंगाखाली गेला तर ओढून बाहेर काढू नका. तो जवळ आला तर जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते हा जुना समज चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर फुलबाजीच्या तारा आणि न फुटलेले फटाके असतात, तेव्हा पट्टा आखूड धरा आणि घरी आल्यावर पंजे पाण्याने धुवा.

पाहुण्यांसाठी दाराजवळ एक डबा ठेवा, दिवसाचा मोजलेला खाऊ त्यातच. ‘द्यायचं तर यातलंच, आणि डबा संपला की संपला.’ पाहुण्यांचा हात रिकामा राहत नाही आणि तुमचा हिशेबही चुकत नाही.

अभ्यंगाची हौस असेल तर उटणं-तेल नको, तो चाटून पोटात घेतो. कुत्र्यांच्या शाम्पूने आंघोळ आणि मुळापर्यंत कोरडं करणं, बस. शेरवानी घालायचीच तर मानेशी दोन बोटं जागा, शिवलेली बटणं काढलेली आणि फोटोपुरती पंधरा मिनिटं. नेपाळात नरक चतुर्दशीच्याच तिथीला कुकुर तिहार असतो आणि कुत्र्यांना टिळा लावून हार घालतात. तसं करायचं असेल तर कुंकू डोळ्यांपासून लांब ठेवा आणि झेंडूचा हार ओवाळून झाला की काढा. फुलं नाही, दोरा धोक्याचा.

मग सुट्टी: कोकणात नेताना

रेल्वेने न्यायचं तर कुत्रा फक्त पहिल्या वर्गात बरोबर येतो, तेही दोघांचं कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. स्लीपर, थ्री टायर, टू टायरमध्ये परवानगी नाही. लसीकरणाची नोंद आणि प्रवासाआधीच्या २४ ते ४८ तासांतलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि गाडीच्या तीनेक तास आधी पार्सल ऑफिसात पोचा. कूपे मिळेल याची खात्री आधी नसते. दुसरा मार्ग ब्रेक व्हॅनमधल्या पेटीचा. लाडावलेल्या कुत्र्यासाठी तो विचारातही घेऊ नये.

म्हणून बहुतेक जण गाडी काढतात. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी चालेल. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वळणांवर लाळ गळायला लागली म्हणजे उलटी जवळ आहे. थांबा, दहा मिनिटं चालवा. दर दोन तासांनी थांबायचंच. सीटचा पट्टा हार्नेसला अडकवा, कॉलरला कधीही नाही. जेवायला उतरताना बंद गाडीत ठेवू नका: बाहेर २४ अंश असले तरी दहा मिनिटांत आत जवळजवळ दहा अंश वाढतात, आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

समुद्रावर सकाळी ९ च्या आत किंवा ऊन उतरल्यावर न्या. वाळूवर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजे भाजतील. सोबत गोडं पाणी घ्या आणि दर पंधरा मिनिटांनी पाजा, म्हणजे तो खारं पाणी पिणार नाही. खाऱ्याने जुलाब होतात आणि जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. रापणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) टाकून दिलेला केंड हा विषारी मासा किनाऱ्यावर पडलेला असतो. त्याचं विष शिजवूनही जात नाही, तेव्हा मेलेल्या माशाला तोंड लावू देऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे कुत्रा मोकळा सोडायचा नाही, तो घरटी उकरतो. संध्याकाळनंतर कातळ-सड्यावरही पट्टा हवा. तिथल्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच जातं. साचलेल्या डबक्याचं पाणी लेप्टोमुळे वर्ज्य.

पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचीड भरपूर. मानेवर टाकायचं औषध असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी टाका आणि त्यानंतर आंघोळ घालू नका. रोज रात्री कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून बघा. गोचीड सापडला तर चिमट्याने त्वचेला टेकून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, स्पिरिट किंवा काडीचा चटका नको. परत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, मरगळ, जेवण कमी होणं, फिकट हिरड्या किंवा गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर कोकणात जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या.